जुलैसाठी रात्र

तुझ्या खोलीत बाकी सगळं आलंय:
पाळणा, वजनकाटा,
सुन्निवाच्या मावशीनं विणलेली तीन टोपडी
(त्यातलं एक बहुधा चहाच्या किटलीचं).
फक्त रात्र यायची राहिली,
आणि ती ऑगस्टपर्यंत काही येत नाही.
आमच्या वार्डोत या दिवसांत सूर्य
समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथूनच मागे फिरतो,
दारात चपला घालता घालता
आणखी एक गोष्ट आठवलेल्या पाहुण्यासारखा.

म्हणून हे कापड.
बंद पडलेल्या सिनेमाचा पडदा,
चौदा मीटर मखमल, गर्द निळी,
लिलावात माझ्याशिवाय कुणी हात वर केला नाही.
घडी मोडली तेव्हा घरभर
जुन्या सिगारेटी, ओले लोकरी कोट.
तीन दिवस तो वाऱ्यावर टाकला,
मासे सुकवायच्या मांडवावर, कॉडच्या शेजारी.
आता त्याला कॉडचाही वास येतो.
असू दे, सुन्निवा म्हणाली,
पोराला गाव लवकर कळेल.

ती पलीकडच्या खोलीत पडून आहे,
डॉक्टरांचा हुकूम, आज सतरावा दिवस.
ती भिंतीतून बोलते, मी शिडीवरून.
'चुण्या पडल्या?'
पडल्या.
'सारख्या?'
मी गप्प.
'ईसाक, बोटांनी मोज. चार बोटं, एक चुणी.'
माझी चार बोटं म्हणजे तिची सहा,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे,
आणि लग्नाला नऊ वर्षं झाली.

मला जाळं टांगता येतं.
जाळ्याचा भार समुद्र उचलतो.
हे कापड मात्र आपला सगळा भार
माझ्या मानेवर टाकून
वरून ऐटीत लोंबायला बघतं.
दांड्याच्या जागी वल्हं लावलंय, आजोबांच्या होडीचं,
ते मधेच वाकलं, मग सावरलं.
छताकडून एक झोळ पाळण्यावर सोडला,
दुसरा खिडकीवरून थेट जमिनीपर्यंत.
झोळ म्हणजे काय ते मला
आज सकाळीच समजलंय.

संध्याकाळी गुन्वोर येऊन गेली.
तिनं तीस वर्षं तिथं तिकिटं फाडली.
पडदा हातानं चाचपत गेली
आणि छातीएवढ्या उंचीवर थांबली:
मसुरीएवढं भोक, कडा जळालेल्या.
'यातून पोरं आतून माणसं मोजायची,' म्हणाली,
'किती आलीत, कोण कुणाशेजारी बसलंय.'
मग निळा दोरा, सुई टेबलावर ठेवून
कॉफी न घेताच गेली.

रात्रीचा एक वाजलाय. बाहेर लख्ख.
मी शेवटची दुमड ओढून घेतली
आणि खोलीत रात्र झाली,
खरीखुरी, हात न दिसणारी.
सुई चाचपडत वळलो,
तर समोरच्या भिंतीवर, तुझ्या पाळण्याच्या वर,
बंदर.
अख्खं बंदर, पुसट, रंगासकट, उलटं:
बोटींच्या डोलकाठ्या खाली लोंबताहेत,
लाल गोदाम छपरावर उभं,
एक समुद्रपक्षी आकाशाच्या तळाशी पोहतोय.
त्या भोकातून सगळं आत आलंय,
तिकीट न काढता.

मी जमिनीवर बसलो.
नर्स म्हणाली होती, मंगळवारी तू फिरलंस,
डोकं आता खाली आहे, तयारीत.
म्हणजे तुला तरी हे सरळ दिसेल.
आम्हीच इतकी वर्षं
चुकीच्या बाजूनं उभे असू, कोण जाणे.

नोव्हेंबरात सूर्यच नसेल,
तेव्हा या मखमलीचं काय करायचं
ते तेव्हा बघू. कोट शिवू.

'ईसाक, झाली का रात्र?'
झाली.
'आणि ते भोक?'
दोरा ओवतोय, म्हटलं.

दोरा खिशात आहे.
बाहेर एक ट्रॉलर धक्क्याला लागतोय,
तुझ्या भिंतीवर तो हळूच
छताला लागला.